जसे भांडे, तशी बैठक

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर आणि मुरबाड हे दोन डोंगराळ तालुके वसलेले आहेत. एकीकडे माहुलीचा किल्ला आणि कसाऱ्याचा घाट, तर दुसरीकडे सिद्धगड, गोरखगड आणि माळशेजच्या उंच कडा. ह्या भागातील कोणत्याही खेड्यात जा आणि एखाद्या घराच्या पडवीत क्षणभर उभे राहा. तुमचे लक्ष प्रथम पाण्याच्या भांड्यांकडे जाईल. कोपऱ्यात अर्धा जमिनीत पुरलेला रांजण असेल. त्याच्या शेजारी माठ असेल. हंडा, कळशी, घागर आणि तांब्या ही तर घरोघरची मंडळी. अलीकडे त्यांच्या जोडीला प्लॅस्टिकचे चौकोनी कॅन आणि पोलादी बाटल्याही येऊन बसल्या आहेत. सर्वांचे काम एकच, पाणी धरून ठेवणे. परंतु त्यांचे आकार पाहिले, तर एकासारखे दुसरे नाही. कोणी पोटाने मोठा, कोणी मानेने बारीक, कोणाचा तळ गोल, तर कोणाचा सपाट.

भांडे पाणी धरून ठेवते हे आपण जाणतो. पण भांड्याला कोण धरून ठेवते, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. वस्तुतः भांड्याइतकीच त्याची बैठकही महत्त्वाची आहे. बैठक चुकली की भांडे कलंडते, आणि भांडे कलंडले की पाणी जाते. ज्या गावी नळ सोडताच पाणी येते, तेथे ह्याचे फारसे काही वाटत नाही. परंतु जेथे उन्हाळ्यात एका हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो, तेथे सांडलेला हंडा म्हणजे वाया गेलेले श्रम होत. म्हणून लहानमोठ्या भांड्यांना नीट धरील अशी बैठक कशी असावी, हा प्रश्न येथील माणसांपुढे फार जुन्या काळापासून उभा आहे. त्याची त्यांनी कोणती उत्तरे शोधली, ते आपण आता पाहू.

भांडे कलंडते का?

प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत एकवटलेले असते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य असे म्हणतात. त्या बिंदूपासून सरळ खाली एक रेषा कल्पा. ती रेषा भांड्याच्या तळाच्या आत पडते तोवर भांडे उभे राहते. भांडे कलले आणि ती रेषा तळाच्या कडेबाहेर गेली, की भांडे पडलेच म्हणून समजा.

एखादी भरलेली बाटली २८ सेंटिमीटर उंच आणि ७ सेंटिमीटर रुंद आहे असे धरू. तिचा गुरुत्वमध्य सुमारे १४ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि तळाची कड मध्यापासून साडेतीन सेंटिमीटर दूर असेल. साडेतीन आणि चौदा ह्यांचे प्रमाण एकास चार आहे. म्हणजे चार हात लांबीत एक हात चढ असलेल्या उतारावर ती बाटली पडावयास टेकते. ह्याउलट १४ सेंटिमीटर उंच व तितकाच रुंद तांब्या घ्या. त्याचा गुरुत्वमध्य ७ सेंटिमीटरवर येतो. त्याचा तळ पोटाइतकाच रुंद असेल, तर तळाची कडही मध्यापासून ७ सेंटिमीटर दूर असते. असा तांब्या फार मोठा कल सहन करतो. उंच, सडपातळ भांडी सहज पडतात आणि बसकी भांडी टिकून राहतात, त्याचे कारण हेच.

गोल तळाच्या घागरीची अडचण तर आणखी निराळी. सपाट जमिनीवर तिचा गोल तळ केवळ एका ठिकाणी टेकतो. तीच घागर माणसाच्या डोक्यावर ठेवली, तर एका गोलावर दुसरा गोल ठेवल्यासारखे होते. अशा स्थितीत ती जराही स्थिर राहावयाची नाही. मग आपल्या आया-बहिणी पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेऊन ओबडधोबड पायवाटेने कशा चालतात? ह्याचे उत्तर एका जुनेऱ्याच्या तुकड्यात आहे.

चुंबळ

जुन्या लुगड्याचा एक पट्टा घ्यावयाचा, त्याला पीळ द्यावयाचा आणि त्याचे वेटोळे करावयाचे; ही झाली चुंबळ. चुंबळीमुळे घागर एका बिंदूवर न टेकता पुरत्या वर्तुळावर टेकते. तिचा भारही डोक्याच्या एकाच जागी न पडता सभोवार वाटला जातो. पंधरा लिटर पाण्याचे वजन पंधरा किलो भरते. हंड्याचे स्वतःचे वजन त्याहून वेगळे. हा भार चुंबळीवाचून डोक्यावर घेऊन कोस-दीड कोस चालणे कोणालाही शक्य नाही.

चुंबळीची खरी खुबी पुढेच आहे. एकच चुंबळ लहान घागरीलाही चालते आणि मोठ्या घागरीलाही चालते. हे कसे घडते? समजा, चुंबळीच्या आतील पोकळीचा व्यास १२ सेंटिमीटर आहे. तिच्यावर आपण निरनिराळ्या आकारांची गोल भांडी ठेवून पाहू. ज्या भांड्याची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे, ते पोकळीत २ सेंटिमीटर खाली रुतेल. साडेसात सेंटिमीटर त्रिज्येचे भांडे ३ सेंटिमीटर रुतेल. साडेसहा सेंटिमीटर त्रिज्येचे भांडे ४ सेंटिमीटर रुतेल. भूमितीत तुम्ही काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त शिकला असाल, तर हे आकडे तुम्ही स्वतः काढून पाहू शकाल. भांडे लहान, तर ते खोल बसते. भांडे मोठे, तर ते वरच्यावर बसते. परंतु दोन्ही वेळा ते सर्व बाजूंनी टेकलेले असते.

अर्थात ह्यालाही मर्यादा आहे. भांडे फारच लहान असेल, तर ते पोकळीतून आरपार जाईल. फारच मोठे असेल, तर ते इतके थोडे रुतेल की त्याला धरच राहणार नाही. तेव्हा बाई काय करते? ती चुंबळ सोडते आणि पीळ कमी-अधिक करून पुन्हा वळते. क्षणात नव्या मापाची चुंबळ तयार होते. तिला ना सुतार लागतो, ना लोहार.

दोन भांडी एकावर एक घेतलेली तुम्ही पाहिलीच असतील. खाली हंडा आणि त्यावर कळशी. तेथे कळशीला निराळी चुंबळ नसते, कारण हंड्याचे तोंड हीच कळशीची चुंबळ होय. लक्षपूर्वक पाहणाऱ्यास नेहमीच्या दृश्यातही असा नवा अर्थ दिसतो.

तीन धोंड्यांची चूल

चुंबळ गोल तळाला आधार देते. परंतु भांड्याचा तळ वेडावाकडा असेल तर? त्याचे उत्तर रानात सापडते. रानात काम करणारी माणसे दुपारी चूल मांडतात, तेव्हा ती तीनच धोंडे मांडतात. चार का मांडत नाहीत? कारण तीन टेकू असले, की भांडे त्या तिन्हींवर टेकतेच, मग जमीन कितीही उंचसखल असो. चौथा टेकू मात्र बाकीच्या तिघांच्या पातळीत नेमका यावा लागतो. तो आला नाही, तर भांडे डुगडुगते. चार पायांचा बाक वर्गात डुगडुगतो आणि तीन पायांची तिवई कोठेही स्थिर उभी राहते, हा अनुभव तुम्हांलाही असेल. देवघरातील शंखाच्या अडणीलाही बहुधा तीनच पाय असतात.

शिवाय हे धोंडे जागचे हलविता येतात. मोठे पातेले आले की धोंडे लांब सरकवावयाचे, लहान तपेली आली की जवळ आणावयाचे. तीन बिंदूंतून एक वर्तुळ काढता येते, आणि बिंदू सरकवले की वर्तुळ लहानमोठे होते, हे आपण भूमितीत शिकतो. रानातील चूल मांडणाऱ्याने भूमितीचे पुस्तक पाहिलेले नसेल, पण त्यातील हे तत्त्व त्याच्या हातात आहे.

शिंके

तिसरी युक्ती ह्या दोहोंहून निराळी. येथे भांडे टेकवावयाचे नसते, टांगावयाचे असते. अंबाडीच्या किंवा पळसाच्या मुळांच्या वाखापासून दोरी वळतात आणि त्या दोरीचे शिंके विणतात. खाली दोरीचे लहान कडे आणि तेथून वर जाऊन एकत्र बांधलेल्या तीन-चार दोऱ्या, एवढीच त्याची रचना असते. त्यात दुधाचे, दह्याचे किंवा ताकाचे मडके ठेवून ते आढ्याला टांगतात. मुंग्या आणि मांजरे ह्यांपासून त्याचे रक्षण होते. गोकुळातल्या कृष्णाची गोष्ट आणि अष्टमीची दहीहंडी ह्यांमुळे शिंके सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. ‘शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे पटले’ ही म्हणही त्याच्यावरूनच आली.

शिंक्यात भांडे ठेवताच दोऱ्या ताणल्या जातात आणि भांड्याच्या अंगाला बिलगतात. भांडे जितके जड, तितका दोरीचा ताण अधिक आणि तितकी पकड घट्ट. म्हणजे भांड्याचे वजनच भांड्याला धरून ठेवते! आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. चुंबळीवरील घागरीचा गुरुत्वमध्य तिच्या आधाराच्या वर असतो. म्हणून ती सदैव पडू पाहते आणि बाईला मानेचा तोल सतत सांभाळावा लागतो. शिंक्यातील मडक्याचा गुरुत्वमध्य मात्र टांगलेल्या जागेच्या खाली असतो. त्याला धक्का लागला, तरी ते झोका घेऊन पुन्हा आपल्या ठिकाणी येते. वरून धरलेले भांडे सुरक्षित राहते, हा शिंक्याचा धडा आहे.

रानात जाताना वाळलेल्या दुध्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी नेण्याची जुनी चाल आहे. कोणतेही दोन भोपळे एका मापाचे वाढत नाहीत. तेव्हा एका साच्यात ते बसणार कसे? पण दोरीची गुंफण कोणत्याही तुंब्याला चालते. निसर्गाने भांडे कसेही घडवो, दोरी त्याच्याशी जुळवून घेते.

घडवंची आणि तिची अडचण

चौथी बैठक म्हणजे घडवंची. हे लाकडाचे चौपायी मांडणे होय. घागरी व माठ ठेवण्यासाठी त्याच्या वरच्या फळीला गोल भोके पाडलेली असतात. घडवंची मजबूत आणि दिसावयास सुबक असते. परंतु तिच्यात एक उणीव आहे. तिची भोके एकदा पडली की पडली. पुढे माठ फुटला आणि कुंभाराकडून नवा आणला, तर तो त्याच भोकात नीट बसेलच असे नाही. चुंबळ, चूल आणि शिंके ही भांड्याकडे पाहून बदलतात. घडवंची मात्र भांड्यानेच बदलावे अशी अपेक्षा धरते.

भांड्याच्या बैठकीचा हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच नाही. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात भांडी ठेवण्याच्या मातीच्या बैठका सापडल्या आहेत. प्राचीन मिसर देशातही गोल तळाच्या भांड्यांखाली मातीची कडी ठेवीत. रोमन व्यापारी मद्य आणि तेल ज्या उंच कुंभांतून पाठवीत, त्यांचा तळ निमुळता, टोकदार असे. जमिनीवर तो कुंभ आपल्या बळावर उभाच राहत नसे. त्याला वाळूत रोवावे लागे किंवा कड्याचा आधार द्यावा लागे. अशा कुंभांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात नेवासे येथील उत्खननात मिळाले आहेत.

सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांवरून देशावर माल नेण्याचा एक प्रमुख मार्ग ह्याच मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढत असे. घाटमाथ्यावर राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख असलेले लेणे आहे, आणि जवळच दगडात कोरलेला एक मोठा रांजण उभा आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरेने सांगितले जाते. दोन सहस्र वर्षांपूर्वी ह्या घाटाने जाणाऱ्या व्यापाऱ्यांनाही आपली भांडी खाचखळग्यांच्या वाटेवर सांभाळून न्यावीच लागत असतील.

शाळेतील एक प्रसंग

आता माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. ह्याच भागातील एका खेड्यात मी मुख्याध्यापक होतो. चैत्राचे दिवस होते. शाळेची टाकी आटली होती, आणि मुले घरून पिण्याचे पाणी आणीत. ती आपल्या बाटल्या व तांबे वर्गाबाहेरच्या ओटीवर ठेवीत. ओटीची फरशी उखडलेली आणि उतरती होती.

एके दिवशी शाळा भरताच बाहेर आवाज झाला. सहावीतील एका मुलीची बाटली कलंडून सारे पाणी वाहून गेले होते आणि त्यात शेजारच्या मुलाची वही भिजली होती. मी तिला तिच्या वेंधळेपणाबद्दल बोललो. ती काहीच बोलली नाही. खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. दुपारी मला कळले की ती पहाटे अंधारात उठून आईबरोबर डोंगराखालच्या विहिरीवर गेली होती, आणि झऱ्याचे पाणी वाटीवाटीने भरून तिने ती बाटली आणली होती. मधल्या सुट्टीपर्यंत तिने कोणापाशी पाणी मागितले नव्हते. अखेर तिच्या मैत्रिणींनीच आपापल्या बाटलीतील घोट-घोट पाणी तिला दिले.

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. दोष त्या मुलीचा नव्हता. दोष बैठकीचा होता, आणि बैठक पाहणे हे माझे काम होते. दुसऱ्या दिवशी मी सर्व वर्गासमोर तिची चूक नसल्याचे सांगितले आणि मुलांना म्हणालो, “आपण ह्या सगळ्या भांड्यांसाठी एक बैठक तयार करू.”

प्रथम आम्ही मापे घेतली. भांड्याभोवती दोरा गुंडाळावयाचा आणि पट्टीवर मोजावयाचा. घेराला सातांनी गुणून बावीसांनी भागले की व्यास मिळतो. सर्वांत बारीक बाटलीचा घेर २२ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ७ सेंटिमीटर निघाला. मोठ्या बाटलीचा घेर ३३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साडेदहा. एका मुलाच्या तांब्याचा घेर ४४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास १४ निघाला. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे भांडे ह्यांत दुपटीचा फरक होता.

पहिला प्रयत्न म्हणून आम्ही फळीला तीन मापांची भोके पाडली. ती घडवंचीच झाली! दोनच दिवसांत एक मुलगा चौकोनी कॅन घेऊन आला आणि आमची सारी भोके निरुपयोगी ठरली. दुसऱ्या प्रयत्नात मोठ्या भोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बसवल्या. रबर प्रत्येक भांड्याला बिलगे, त्यामुळे मुले आनंदली. परंतु उन्हाने ते रबर लवकरच सैल पडले आणि त्याला चिरा गेल्या. शिवाय बाटली काढावयास गेले, की सारी फळीच वर उचलली जाई.

आम्ही असे खटपट करीत असता एका मुलाची आजी त्याला न्यावयास आली. ती थोडा वेळ पाहत उभी राहिली, मग म्हणाली, “गुरुजी, भांडं धरायला देवानं हात दिलाय. त्याला काय भोकं पाडलीत? भांडं येईल तसा तो वळतो.”

त्या एका वाक्याने आमची दिशा बदलली. मी मुलांना पेला हातात धरावयास सांगितले. बोटे त्याला सर्व बाजूंनी वेढतात आणि पेल्याच्या मापाप्रमाणे मिटतात किंवा उघडतात. मग आम्ही बांबूच्या तीन कामट्या घेतल्या. २१ सेंटिमीटर लांबीरुंदीच्या जाड, चौरस फळीवर त्या गोलाकार, समान अंतरावर उभ्या ठोकल्या. त्यांच्यामध्ये मोठा तांब्या मावेल एवढी जागा ठेवली. कामट्यांच्या बाहेरून एक दोरी फिरवून तिला सरफास दिला. दोरी ओढली की तिन्ही कामट्या आत वळून भांड्याला धरीत. ती सैल केली की बांबू आपल्या लवचीकपणाने पुन्हा सरळ होई आणि भांडे मोकळे होई. भांडी उंचीनेही निरनिराळी होती. म्हणून कामट्यांना बाहेरच्या अंगाने दोरी अडकावी अशा वर-खाली खाचा पाडल्या. दोरी नेहमी भांड्याच्या मध्याहून थोडी वरच्या खाचेत बसवावयाची असा नियम केला. शिंक्याप्रमाणे भांडे वरच्या अंगाला धरले गेले, तर ते कलत नाही. गोल तळाच्या तांब्यासाठी फळीवर जुनेऱ्याची एक चुंबळ ठेवली.

विद्यार्थ्यांनो, ह्या साधनाकडे नीट पाहा. तळाशी चुंबळ आहे. सभोवार तीन धोंड्यांच्या चुलीचे तीन टेकू आहेत. वर शिंक्याची दोरी आहे. आम्ही नवीन असे काहीच शोधले नव्हते. वाडवडिलांनी तीन ठिकाणी ठेवलेले शहाणपण आम्ही एका ठिकाणी आणले, इतकेच.

नंतर आम्ही परीक्षा घेतली. भरलेली बाटली एका फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचलले. नुसती बाटली एकास चार ह्या चढावर पडली. आमच्या साधनातील बाटली त्याच्या दुपटीहून अधिक चढावर उभी राहिली, कारण आता तिचा तळ ७ सेंटिमीटरांचा नसून २१ सेंटिमीटरांचा झाला होता. चौकोनी कॅनही त्यात बसला. फळी जड असल्यामुळे बाटली काढताना ती उचललीही जात नसे. लहान मुलांना मात्र एका हाताने दोरी सैल करणे जमेना. तेव्हा दोरीच्या टोकाला लाकडाची एक खुंटी बांधली, आणि तीही अडचण दूर झाली. पहिली बैठक त्या सहावीतील मुलीने तयार केली. तिच्या गाठी आमच्या सर्वांच्या गाठींहून पक्क्या होत्या, कारण दोराने पाणी ओढण्याची तिच्या हातांना सवय होती.

रचनेचे तीन नियम

ह्या अनुभवातून कोणतीही उपयोगी वस्तू तयार करताना पाळावयाचे तीन नियम आम्हांला मिळाले. पहिला नियम असा की, आधी माप घ्यावे आणि मग हत्यार उचलावे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे भांडे माहीत असल्यावाचून बैठकीचा विचारच करता येत नाही. दुसरा नियम असा की, प्रत्येक भागाला त्याचे त्याचे काम नेमून द्यावे. वजन तळाने सोसावे, बाजूंनी केवळ कलण्यापासून सांभाळावे. एकाच भागावर दोन्ही कामे टाकली, तर तो लवकर थकतो. आमच्या रबराचे तसेच झाले. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, जे बदलणार आहे त्याच्याशी न बदलणाऱ्याने हट्ट धरू नये. भांडी बदलत राहणारच. म्हणून बदलण्याची सोय बैठकीतच असली पाहिजे.

ह्या दोन तालुक्यांत पाऊस विपुल पडतो. परंतु काळ्या पाषाणाच्या उतारांवरून ते पाणी झपाट्याने वाहून जाते, आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर १८९२ साली धरण पूर्ण झाले. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ साली तयार झाला. त्यानंतर भातसेचे मोठे धरण झाले. ह्या जलाशयांतील पाणी नळांवाटे मुंबईला जाते आणि तेथील लक्षावधी लोकांची तहान भागवते. त्याच डोंगरांच्या कुशीतील बाई मात्र डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी आणते. हे चित्र पालटले पाहिजे आणि तिच्या दारीही नळ आला पाहिजे, ह्यात शंका नाही. ते काम मोठ्या माणसांचे आणि मोठ्या योजनांचे आहे. उद्या मोठे झाल्यावर ते तुमचेही असेल. परंतु आणलेले पाणी सांडू न देणे, हे काम आजही तुमच्या-आमच्या हातचे आहे.

पुढच्या वेळी कोणाची बाटली कलंडली, तर त्याला वेंधळा म्हणण्यापूर्वी ती कशावर ठेवली होती, ते आधी पाहा.

स्वाध्याय

१. भांडे केव्हा कलंडते, हे गुरुत्वमध्याच्या आधारे सांगा.
२. एकच चुंबळ निरनिराळ्या मापांच्या घागरींना कशी चालते?
३. चुलीला तीनच धोंडे का मांडतात?
४. ‘भांड्याचे वजनच भांड्याला धरून ठेवते’, असे शिंक्याविषयी का म्हटले आहे?
५. घडवंची आणि शिंके ह्यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
६. लेखकाला आपल्या बोलण्याची लाज का वाटली? त्यानंतर त्यांनी काय केले?
७. पुढील शब्द स्वतःच्या वाक्यांत योजा: जुनेरे, सरफास, कामटी, डुगडुगणे, बिलगणे.
८. उपक्रम: तुमच्या घरातील पाच भांड्यांचे घेर दोऱ्याने मोजा, त्यांचे व्यास काढा आणि त्या सर्वांना चालेल अशा एका बैठकीचे चित्र काढा.